मांजराचे कान : घरी काय बघायचं, कसं पुसायचं आणि कुठं थांबायचं

मांजर मागच्या पायानं सारखं कान खाजवतंय, मधूनच डोकं झाडतंय, कानाला हात लावू देत नाही. असं दिसलं की बहुतेक घरांत पहिला हात जातो तो तेलाच्या वाटीकडं. लहान पोराचा कान ठणकला की लसणाची पाकळी टाकून कोमट केलेलं तेल घालायची जुनी सवय, तीच मांजरालाही लावली जाते. गोठा असलेल्या घरात गाई-म्हशींसाठी आणलेलं टर्पेंटाइन किंवा गोचिडाचं औषध हाताशी असतं. मांजराच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत आणि दुसरा तर त्याच्या जिवावर बेतू शकतो.

तालुक्याच्या गावात पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण तिथला बराचसा वेळ जनावरांत जातो. मांजराला टोपलीत घालून एसटीनं किंवा रिक्षानं न्यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. त्यामुळं कानाचं दुखणं ‘बघू दोन दिवस’ करत लांबतं. या दुखण्यांतली बरीचशी वेळेत कळली तर साध्या औषधानं बरी होतात. लांबली तर कानाचा पडदा, तोल सांभाळायची ताकद आणि ऐकू येणं, तिन्हीला धोका असतो. म्हणून घरी काय करता येतं आणि कुठं थांबायला हवं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

कान आतून कसा असतो

बाहेर दिसते ती कानाची पाळी. तिच्या तळाशी जी नळी सुरू होते ती सरळ आत जात नाही. आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्यापर्यंत पोहोचते. या वळणामुळंच वरून बॅटरी मारली तरी पडदा दिसत नाही, आणि आत साचलेला मळ किंवा पाणी आपोआप बाहेर यायला अवघड जातं. कापसाची काडी आत घातली तर मळ निघण्याऐवजी वळणापाशी ठासून बसतो.

पडद्यामागं मधला कान आणि त्याच्या आत आतला कान असतो. ऐकणं आणि शरीराचा तोल सांभाळणं, ही दोन्ही कामं आतल्या कानाची. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वरचा. उंदराची माणसाला न ऐकू येणारी चिवचिव ते टिपतं ते याच जोरावर.

पाळीच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूला, कातडीची एक छोटी दुहेरी घडी किंवा खिसा असतो. पहिल्यांदा मांजर पाळणारे तो बघून जखम किंवा फाटलेला कान समजतात. तो प्रत्येक मांजराला असतोच. मात्र तिथं मळ, पिसवा किंवा गोचीड दडून बसू शकतात, म्हणून बघताना तो खिसाही उघडून बघावा.

आठवड्यातून एकदा, दोन मिनिटं

निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो. थोडासा फिकट तपकिरी मळ चालतो. वास येत नाही, सूज नसते आणि पाळी हलकेच दाबली तर मांजर चिडत नाही. दोन्ही कान सारखेच दिसायला हवेत, म्हणून नेहमी एकाची दुसऱ्याशी तुलना करावी.

बघायची वेळ म्हणजे मांजर जेवून सुस्तावलेलं असताना. मांडीवर घ्यावं, डोक्यावरून हात फिरवत पाळी मागं वळवावी, उजेडात बघावं, नाकानं वास घ्यावा. झालं की आवडीचा खाऊ द्यावा. पिल्लू असल्यापासून ही सवय लावली तर पुढं औषध घालायची वेळ आली तरी झटापट होत नाही.

कान गरम लागले म्हणजे ताप आला, असा एक समज आहे. तो खरा नाही. मांजराच्या शरीराचं तापमान मुळातच माणसापेक्षा जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. उन्हात किंवा चुलीपाशी बसलेल्या मांजराचे कान गरमच लागणार. ताप थर्मामीटरनंच कळतो.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे निरोगी मांजराचे कान नेमानं धुवायची किंवा पुसायची गरज नसते. कान आपली सफाई आपणच करतो. गरज नसताना सारखं पुसत राहिलं तर आतली नाजूक कातडी सोलवटते आणि नसलेलं दुखणं सुरू होतं. आठवड्याला करायचं ते बघायचं काम, पुसायचं नव्हे.

कानातली खरूज : सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं

कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा-तपकिरी, कोरडा, भुगाभुगा मळ दिसला आणि मांजर जिवाच्या आकांतानं खाजवत असलं तर बहुधा ते माइट असतात. ओटोडेक्टेस सायनोटिस हे त्यांचं शास्त्रीय नाव. गोचिडासारखे आठ पायांचे, पण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. ते कातडीच्या वरवर राहतात आणि तिथंच अंडी घालतात. पिल्लांना हा त्रास आईकडून लागतो, आणि बाहेर हिंडणाऱ्या मांजरांत तो फार.

घरी एक साधी खूण बघता येते. पाळीच्या बाहेरच्या भागातला थोडा मळ कापसानं घेऊन काळ्या कागदावर झटकावा आणि भर उजेडात काही वेळ बघावं. बारीक पांढरे ठिपके सरकताना दिसले तर माइट आहेत. दिसले नाहीत म्हणून ‘नाहीत’ असं मात्र ठरत नाही. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

अंड्यापासून पूर्ण वाढलेला माइट व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि पुष्कळ औषधं अंड्यांवर चालत नाहीत. म्हणून चार दिवस थेंब घातले, खाज थांबली, औषध बंद केलं, की महिन्याभरात पुन्हा तेच. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस पुरे करायलाच हवेत. आजकाल मानेमागं कातडीवर सोडायची थेंबांची औषधं मिळतात. सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असलेली ही औषधं कानातल्या माइटवरही चालतात आणि कानात हात घालू न देणाऱ्या मांजराला सोयीची पडतात. पण वय आणि वजन बघून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

घरात दुसरं मांजर किंवा कुत्रं असेल तर त्यांनाही एकाच वेळी औषध द्यावं लागतं. हे माइट कुत्र्यालाही धरतात. एकालाच दिलं तर एकमेकांना चाटत, बिलगत ते घरातल्या घरात फिरत राहतात. अंथरूण, टोपलीतला कपडा गरम पाण्यानं धुवून कडक उन्हात वाळवावा. माणसाच्या अंगावर क्वचित थोडे दिवस खाजरे पुरळ येतात, पण हे माइट माणसावर टिकून राहत नाहीत.

काळा मळ म्हणजे प्रत्येक वेळी माइट नव्हे

पाळीच्या कडांवर आणि टोकाला राखाडी, जाड खपल्या धरून त्या हळूहळू तोंडावर, मानेवर पसरत असतील तर ती दुसऱ्या माइटची, नोटोएड्रेसची खरूज असते. भटक्या मांजरांत ती फार दिसते, ती झपाट्यानं पसरते आणि माणसालाही तात्पुरती खाज आणते. गोलसर केस गळलेले चट्टे असतील तर गजकर्ण असू शकतं. ते माणसाला लागतं, लहान मुलांना लवकर. अशा मांजराला हाताळल्यावर हात साबणानं धुवावेत.

तेलकट, तपकिरी मळ आणि आंबूस वास असेल तर बुरशीचा संसर्ग, पिवळा-हिरवट पू असेल तर जिवाणूंचा. ओलावा, ॲलर्जी, आधीचे माइट, यांपैकी काहीतरी मुळाशी असतं आणि मूळ गेल्याशिवाय संसर्ग परत परत येतो. तरुण मांजरात एकाच कानाचा त्रास सारखा उलटत असेल, सोबत घोरल्यासारखा श्वास येत असेल, तर मधल्या कानात किंवा घशामागं मांसाची गाठ असण्याची शक्यता तपासावी लागते.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला गवत वाळलं की कुसळं कानात शिरतात. कालपर्यंत ठणठणीत असलेलं मांजर अचानक एका बाजूला डोकं झाडायला लागतं ते बऱ्याचदा यामुळंच. बाहेर दिसणारं कुसळ चिमट्यानं काढता येतं. आत गेलेलं ओढू नये, ते तुटून आणखी आत सरकतं.

पाळी अचानक उशीसारखी फुगली तर खाजवून-झाडून आतली रक्तवाहिनी फुटलेली असते आणि पाळीत रक्त साचतं. घरी सुईनं टोचून ते काढायचा प्रयत्न करू नये, जंतू आत जातात. उपचार केले नाहीत तर पाळी आक्रसून वेडीवाकडी होते.

पावसाळ्यात मारामारी करून आलेल्या बोक्याच्या कानामागच्या जखमेत दोन दिवसांत अळ्या पडतात. वास आणि ओल दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जनावरांच्या जखमेत घालतात ते टर्पेंटाइन इथं वापरायचं नाही.

पुसायचा कान कसा पुसावा

डॉक्टरांनी कान साफ करायला सांगितलं असेल तर मांजरासाठीचंच इअर क्लीनर आणावं. लागणारं सामान थोडंच : क्लीनर, कापूस किंवा गॉज, जाड टॉवेल आणि खाऊ. कापसाच्या काड्या या यादीत नाहीत.

१. बाटली काही मिनिटं मुठीत धरून अंगाएवढी कोमट करावी. गार थेंब आत गेले की मांजराला गरगरतं आणि ते पुढच्या वेळी बाटली बघूनच पळतं.

२. मांजराला टॉवेलात गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवावं. एकानं धरावं, दुसऱ्यानं काम करावं. मोठ्या मांजराला मानगुटीला धरून लोंबकळत ठेवू नये.

३. पाळी हलकेच वर आणि मागं धरावी. बाटलीचं टोक कानात न खुपसता क्लीनर सोडावं.

४. कानाच्या मुळाशी, गालाच्या मागं, २० ते ३० सेकंद हलकं चोळावं. पचपच असा आवाज आला म्हणजे औषध नळीत उतरलं.

५. मांजराला सोडावं आणि डोकं झाडू द्यावं. आतला मळ त्या झटक्यानंच वर येतो.

६. वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या कापसानं पुसावा. बोट जाईल तेवढंच, त्यापुढं नाही. दुसऱ्या कानाला नवा कापूस.

थेंबही घालायचे असतील तर आधी सफाई, थोडा वेळ जाऊ द्यावा, मग थेंब, आणि पुन्हा मुळाशी चोळणं. खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करावेत आणि तपासणीला पुन्हा न्यावं. मांजर ओरडत असेल, रक्त येत असेल किंवा डोकं तिरपं धरत असेल तर सफाई तिथंच थांबवावी.

हे कानात घालायचं नाही

कारण एकच लक्षात ठेवलं तरी पुरे. मांजराचं यकृत काही रसायनं माणसासारखी किंवा कुत्र्यासारखी फोडून बाहेर टाकू शकत नाही. शिवाय कानात घातलेलं काहीही ते पंजानं पुसतं आणि पंजा चाटतं. म्हणजे कानातलं औषध पोटात जातंच.

लसणाचं तेल : कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. चाटून पोटात गेलं तर घातक.

कापूर, निलगिरी, टी ट्री यांची तेलं, टर्पेंटाइन, रॉकेल, फिनाईल : कातडी भाजते आणि विषबाधा होते.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर, लिंबू : सोलवटलेल्या कातडीला आग होते आणि जखम वाढते.

कुत्र्याचं पिसवांचं औषध : त्यातलं पर्मेथ्रिन मांजराला विष आहे. थरथर, झटके आणि मृत्यूही येतो. ‘थोडंसंच लावलं’ म्हणून सुटका होत नाही.

जनावरांचं आयव्हरमेक्टिन : ते मोठ्या जनावराच्या वजनासाठी बनवलेलं असतं. मोठं मांजर साधारण तीन ते पाच किलोचं, पिल्लू तर त्याहून कितीतरी हलकं. अंदाजानं दिलेली मात्रा जास्त झाली की आंधळेपणा, कंप आणि बेशुद्धी येऊ शकते.

माणसाचे कानाचे थेंब, किंवा मागच्या वर्षीची उरलेली बाटली : पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारखी काही औषधं आतल्या कानापर्यंत पोहोचून कायमचं बहिरेपण आणू शकतात. पडदा शाबूत आहे की नाही हे घरी कळत नाही. ते ऑटोस्कोपनंच बघावं लागतं. ‘गेल्या वेळी याच औषधानं बरं वाटलं होतं’ हा हिशेब इथं चालत नाही, तो याच कारणानं.

पॅरासिटामॉल : कान दुखतोय म्हणून अर्धी गोळीही देऊ नये. मांजराला ती जीवघेणी ठरते.

त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं अशी लक्षणं

डोकं एका बाजूला तिरपं धरणं, गोल गोल फिरणं, चालताना पडणं. डोळ्यांची बुबुळं आपोआप इकडून तिकडं हलणं. एका डोळ्याची बाहुली लहान होणं, पापणी पडणं किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर येणं. तोंडाची एक बाजू लोंबणं. कानातून रक्त किंवा पू येणं. पाळी फुगणं. जखमेत अळ्या दिसणं. खाणं बंद होणं. थेंब सुरू केल्यावर ऐकू येईनासं वाटणं किंवा तोल जाणं. हे शेवटचं दिसलं तर पुढचा थेंब न घालता आधी डॉक्टरांना विचारावं.

पांढऱ्या मांजराची जास्तीची काळजी

पांढऱ्या मांजराच्या पाळीच्या टोकांवर केस विरळ आणि कातडी फिकट असते. वर्षानुवर्षं ऊन लागून ती आधी लालसर होते, मग खपली धरते आणि पुढं तिथं कर्करोग होऊ शकतो. टोकावरची खपली महिनाभरात भरत नसेल, पुन्हा पुन्हा रक्त येत असेल तर दाखवून घ्यावं. सुरुवातीला कळलं तर टोक काढून टाकून जीव वाचतो. दुपारी अशा मांजराला सावलीत किंवा घरात ठेवावं.

पांढरं अंग आणि निळे डोळे असलेली बरीच मांजरं जन्मतः बहिरी असतात. चार्ल्स डार्विननं १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली आहे. ते औषधानं जाणारं दुखणं नव्हे, म्हणून कानात काही घालत बसू नये. अशा मांजराला रस्त्यावर सोडू नये, मागून अचानक धरू नये. जमिनीवर पाय आपटून किंवा दिवा लावून-विझवून बोलवायची सवय लावली की ते मजेत राहतं.

काही भटक्या मांजरांच्या एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसतं. ते दुखणं नव्हे. नसबंदी झाल्याची ती खूण असते.

दवाखान्यात काय सांगायचं

कधीपासून, एक कान की दोन्ही, मळाचा रंग आणि वास, घरात आणखी कोणती जनावरं आहेत आणि आतापर्यंत काय काय घातलं, हे सांगावं. तेल घातलं असेल तर लाजून लपवू नये, उपचार त्यावरून बदलतात. मोबाईलवर डोकं झाडतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा, कारण टेबलावर बसवलं की मांजर दगडासारखं गप्प होतं. नेण्याच्या आदल्या दिवशी कान पुसू नये. मळच नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काय?

सीमेपलीकडं राहणाऱ्यांना बऱ्याचदा भाषेची अडचण येते. हे चार शब्द हाताशी असले तरी काम भागतं. मांजर, कान, खाज आणि पू, या क्रमानं :

कन्नड : बेक्कु, किवी, तुरिके, कीवु.
हिंदी : बिल्ली, कान, खुजली, मवाद.
गुजराती : बिलाडी, कान, खंजवाळ, परु.
तेलुगू : पिल्लि, चेवि, दुरद, चीमु.

जवळ डॉक्टर नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने हा चांगला पर्याय असतो. कर्नाटकाचं पशुवैद्यकीय विद्यापीठ बिदरला आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळ, मराठवाड्यात परभणी, इंदूरजवळ महू, बडोद्याहून जवळ आणंद आणि हैदराबादेत राजेंद्रनगर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी मांजर बघायची वेळ विचारून घ्यावी.

ओरखडा निघाला तर

कान बघताना किंवा औषध घालताना मांजरानं ओरबाडलं, चावलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावं. घरचं मांजर आहे म्हणून सोडून देऊ नये, हळद-चुना लावू नये. मांजराला दर वर्षीची रेबीजची लस दिलेली असली तर दोन्हीकडची काळजी कमी होते.

कानाचं दुखणं मांजर बोलून दाखवत नाही. ते फक्त खाजवतं, डोकं झाडतं आणि कोपऱ्यात जाऊन बसतं. आठवड्यातून दोन मिनिटं कान उलटून बघितला तर ते कोपऱ्यात जाण्याआधीच कळतं.